कोरडं

बाबांना वास येत नाही.
तीस वर्षं उद्यमबागच्या फौंड्रीत
जळक्या वाळूनं त्यांचं नाक घासून नेलं,
दर महिन्याला थोडं, पगारातून कापल्यासारखं.
म्हणून खानापूर रोडनं जाताना
काचा वर करून
ते पेट्रोलच्या ढगात खुशाल बसलेले असतात.
"गाडी बरी हाय की," म्हणतात,
"तूच उगीच नाक मुरडालीस."

दोन हजार एकची झेन.
बॉनेट उघडलं तर चार इंजेक्टरांच्या बुडाशी
धूळ काळी पडलेली,
तिसऱ्याच्या खाली ओली.

इरण्णानं काउंटरवर ओतलं सगळं:
हिरव्या ओरिंगा, जाड काळे रबर,
तांदळाच्या कणीएवढ्या जाळ्या.
"सण्ण सामान, दोड्ड तलेनोवु,"
बारकं सामान, डोकेदुखी मोठी.
मी मराठीत घासाघीस केली, त्यानं कन्नडात नाही म्हटलं,
शेवटी कॅल्क्युलेटरनं दोघांची समजूत काढली.

रविवारी पंपाचा फ्यूज काढला,
इंजिन धापा टाकत आपोआप विझू दिलं,
मग बॅटरीची तार सोडली.
रेलचे दोन बोल्ट. त्यातला एक
हातातून निसटून इंजिनच्या पोटात गेला.
अर्धा तास मी टॉर्च मारत होते.
बाबा आत गेले, जुन्या रेडिओच्या स्पीकरचा चुंबक
सुतळीला बांधून आले,
विहिरीत पोहरा सोडावा तसा सोडला
आणि बोल्ट वर ओढून, काही न बोलता,
कुंद्याच्या रिकाम्या डब्यात ठेवला.

जुन्या ओरिंगा नखानं दाबल्या.
दबल्या नाहीत, तुटल्या.
मी आठवडाभर कारखान्यात मायक्रोमीटर धरते,
केसाच्या दहाव्या हिश्शासाठी माल परत पाठवते,
आणि घरच्या दारात ही गळती
किती महिने उभी होती, कोण जाणे.

नवी ओरिंग चढवताना सवयीनं बोट जिभेकडे गेलं.
"थुंकी नको, तेल लाव. एकच थेंब.
आणि ढकलू नको ग, फिरवत बसव.
तिला जागा कळू दे."

चारही बसले.
चावी फिरवली. पंप दोन सेकंद घुमला, थांबला.
मी वाकून हुंगलं.
हात पेट्रोलचे, ओढणी पेट्रोलची, केससुद्धा.
आज माझंही नाक
बाबांच्या नाकाइतकंच कामाचं.

"सरक," म्हणाले.
लुंगीला बोट पुसलं,
एकेका इंजेक्टरच्या कडेनं फिरवलं,
डोळे मिटून, लहान पोराचा ताप बघावा तसं.
"पेट्रोल गार लागतंय बोटाला. पाण्यापेक्षा गार."
एक. दोन.
तिसऱ्यावर बोट थांबलं.
शेजारच्या शट्टुप्पाची शिलाई मशीनही
तेवढ्यात नेमकी थांबली.
"कोरडं."

मग मला सुचलं विचारायचं.
"तुम्हाला हे बोटानं कळतंय, तर आधी कधी..."
डबा झाकताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.
"दिवाळीपासनं गार लागत होतं.
सांगितलं असतं तर तू गाडी विकली असतीस."

खरं होतं. गिऱ्हाईकसुद्धा ठरलं होतं,
निपाणीचा एक तंबाखूवाला.
मी पाने मोजायला लागले. दहाचा सापडेना.
तो माझ्याच हातात होता.

संध्याकाळी तिसऱ्या गेटला मालगाडीनं अडवलं.
इंजिन बंद केलं. बाबांनी स्वतःहून काच खाली केली.
"कसला वास येतोय?"
"शेंगा भाजालेत कुणीतरी."
"आणि?"
मी पुन्हा एकदा, नीट, श्वास घेतला.
"आणि कायच नाही."